बिननंबरी

नकाशावर हमरस्ते तांबडे,
त्यांचे धाकटे भाऊ नारिंगी,
आणि ज्यांना नंबर द्यायचं कुणाला सुचलंच नाही ते पिवळे,
हळदीचं बोट ओढावं तसे.
"पिवळे सोडू नकोस," ओडलिंग म्हणाले,
आणि घडीवर घडी घालून नकाशा माझ्या हातात दिला.
घड्यांवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर चिकटपट्टी.
वय वर्षं शहाऐंशी. दोन्ही गुडघे बदललेले.
सायकल गॅरेजात उलटी टांगलेली, वटवाघळासारखी.

रविवारी लाउथ उशिरा उठतं.
बेकरीचं शटर अर्धं वर,
मी आठवडाभर जिथे लोकांच्या गोळ्या मोजते
त्या दुकानाचं पूर्ण खाली.
शेवटच्या घरापाशी कुत्रं एकदाच भुंकतं, हजेरी घेतल्यासारखं.
मग डावीकडे वळायचं
आणि रस्ता अंग चोरून घेतो,
इतकं, की दोन्हीकडच्या कुंपणांना
माझ्या डोक्यावरून कुजबुजता यावं.

याला मराठीत शब्द आहे.
आठवायला तीन मैल लागले.
पाणंद.
मोठ्यानं म्हटला. एका मेंढीनं मान वर केली.
तेवीस वर्षांत तो तोंडात आला नव्हता,
आणि इथे, लिंकनशरमध्ये,
त्याला लागणारी जागा आयती पडून होती.

चढ.
इथल्या टेकड्या दुरून गरीब दिसतात,
उंबरठा ओलांडला की सासुरवास करतात.
लहान गिअर. त्याहून लहान. त्याहून लहान नाही.
चेन कुरकुरते, मी कुरकुरते,
पुढे एक फेझंट नवरदेवासारखा नटून पळत सुटतो,
आपल्याला उडता येतं हे ऐन वेळी विसरून.
कडेनं पांढरी फुलं,
थेट कोथिंबीर फुलोऱ्यावर आल्यासारखी.
चुरगाळून पाहिली. वास तो नाही.
माथ्यावर सातूचं शेत वाऱ्यानं एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळतं,
आणि घाम
पाठीवर अचानक गार होतो.

उताराचं काय सांगायचं.
तळाशी ओढा रस्त्यावरूनच जातो,
त्याच्यासाठी पूल बांधावा एवढी त्याची ओळख नाही.
पाय वर उचलून मी पाण्यातून गेले,
वय पन्नासच्या पुढे, हेल्मेट, पिवळं जाकीट,
आणि तोंडातून निघाला तो आवाज
मिरजेत तासाच्या भाड्यानं आणलेल्या
बिनब्रेकच्या सायकलवरचा.

एका फाटकाशी डबा: सहा अंडी, पैसे बरणीत टाका.
बघणारं कुणी नाही.
तरी नाणी दोनदा मोजून टाकली.

नकाशावर एका ठिकाणी पेन्सिलीची फुली होती.
शेजारी बारीक अक्षरात: जून, ६१.
दहा मैल मी त्या फुलीची गोष्ट रचत आले.
एखादी मुलगी असेल. किंवा अपघात.
किंवा पुरलेलं काहीतरी.
पोचले तर एक फाटक, पलीकडे हिरवा उतार,
वर कुठेतरी चंडोल असावा, आवाज होता, पक्षी नव्हता.
मी गवतसुद्धा पायानं बाजूला करून पाहिलं.

दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात चहा.
अंडी टेबलावर ठेवली आणि विचारलं.
"पंक्चर," ओडलिंग म्हणाले.
मी हसले. तेही हसले, खोकला येईपर्यंत.
"पंप घरी राहिला होता. बसून राहिलो.
दोन तास त्या रस्त्यानं कुणी आलं नाही."
कप बशीत ठेवला.
"कुणीच नाही," पुन्हा म्हणाले,
एखाद्यानं सांगावं तसं,
की त्या दिवशी झाडून सगळे आले होते.

मग थोड्या वेळानं:
"फाटकाला कडी आलीय, का अजून दोरीच?"
मी पाहिलं नव्हतं.
नकाशा परत द्यायला पुढे केला
तर त्यांनी हात चहाच्या कपाभोवतीच ठेवले.